क्रिमिया : एका वाहिनीची फेरनोंदणी

नमस्कार श्रोतेहो. मार्च 2014मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया द्वीपकल्प आपल्यात सामील करून घेतला. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झाले: 100 देश युक्रेनच्या बाजूने, 11 विरोधात, 58 तटस्थ. भारत तटस्थांमध्ये. हे तुम्ही ऐकलेले असेल. वर्तमानपत्रे आणि वाहिन्या बंद कशा पडतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

क्रिमियाच्या राजधानीत, सिम्फेरोपोलला, एटीआर नावाची क्रिमियन तातारांची, म्हणजे तिथल्या मूळच्या मुस्लिम समाजाची, दूरचित्रवाणी वाहिनी होती. जानेवारी 2015मध्ये तिथे सशस्त्र झडती झाली. आदल्या वर्षीच्या 26 फेब्रुवारीच्या निदर्शनांचे चित्रण रशियन तपासयंत्रणेला हवे होते. पण वाहिनी झडतीने बंद पडली नाही, ती पडली अर्जाने. रशियन कायद्याखाली सगळ्या माध्यमांनी फेरनोंदणी करायची, मुदत 1 एप्रिल 2015. एटीआरने अर्ज केला, तो परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत. 'बंदी' असा शब्द कुठेच नाही, फक्त त्रुटी! मुदत संपली आणि मध्यरात्री प्रक्षेपण थांबले. तिच्यासोबत मुलांची 'लाले' वाहिनी गेली, 'मेयदान' रेडिओही गेला.

जूनमध्ये एटीआर कीव्हहून उपग्रहावर परतली. पण त्यासाठी छपरावर तबकडी लागते, आणि ती रस्त्यावरून दिसते. रेडिओ उशाशी लपतो, म्हणून आमचे माध्यम थोर, असो. युक्रेनने क्रिमियाच्या सीमेवर चोंहारजवळ 150 मीटरचा प्रक्षेपण मनोरा उभारला. एफएम लहरी सरळ जातात, एवढ्या उंचीवरून जेमतेम 50-60 किलोमीटर. सिम्फेरोपोल शंभराहून अधिक किलोमीटरवर. म्हणजे ऐकू यायचे ते उत्तर क्रिमियालाच.

आता परदेशी बातमीदाराचे. युक्रेनचा कायदा म्हणतो, आमच्या मुख्य भूमीवरून, आमचा विशेष परवाना घेऊन या. रशिया म्हणते, आमचा व्हिसा आणा, आमची अधिस्वीकृती आणा. रशियाकडून गेलात तर युक्रेनच्या लेखी तो बेकायदा प्रवेश, पुढे युक्रेनमध्येच प्रवेशबंदी होऊ शकते. पुन्हा सांगतो: एका दाराने आत गेलात की दुसरे बंद होते. बरेचसे संपादक मग कीव्हहून फोनवर बातमी करतात. फोनच्या पलीकडचा माणूस मात्र क्रिमियातच राहतो, त्याचे नाव छापायचे की नाही हे आधी त्यालाच विचारावे लागते.

फेब्रुवारी 2022च्या आक्रमणात रशियन फौजा चोंहारवरूनही उत्तरेला सरकल्या. मुख्य भूमीवरून क्रिमियात जाण्याचा रस्ता तेव्हापासून बंद आहे.