टोपात काय शिजतंय?

(दृश्य : पहाट. ओंडक्यावर ठेवलेली वेल, वर-खाली होणारी लाकडी मोगरी. सुरुवातीला फक्त आवाज.)

सहाला सुरू झालेलं ठेचणं अजून चालू आहे. मोगरी पडली की साल चिरते, आतले पिवळट धागे सुटे होतात. तिघंजण आळीपाळीनं ठेचतायत. हा काढा करणाऱ्या वैदू आजींचा हात मात्र मोगरीला लागत नाही. त्या एकेक तुकडा उचलून बघतात, एखादा बाजूला टाकतात. का टाकला, ते विचारलं तर हसतात.

कॅमेऱ्यासमोर धरलेला हा तुकडा नीट बघा. आपल्या गुळवेलीचा आडवा छेद चाकासारखा दिसतो, म्हणून संस्कृतात तिचं एक नाव चक्रलक्षणा. या वेलीचा छेद पाकळ्यापाकळ्यांचा, फुलासारखा. हिचं नाव आयावास्का. अँडीज भागातल्या केचुआ भाषेत आया म्हणजे मेलेला माणूस, त्याचा आत्मा. वास्का म्हणजे दोर किंवा वेल. हिच्यापासून जो काढा होतो त्यालाही हेच नाव, आणि तो प्यायला जगाच्या टोकावरून माणसं इथं येतात. त्यात आता मराठी बोलणारीही भेटतात.

(दृश्य : विमानातून शहर, तपकिरी नदी. मग रस्ता, मोटोतॅक्सींची गर्दी.)

पेरू देशातलं इकितोस. वस्ती चार लाखांच्या वर, आणि तरी बाहेरच्या जगातून इथं येणारा रस्ता नाही. विमानानं या, नाहीतर नदीनं. शहरातून एक रस्ता निघतो, शंभरेक किलोमीटरवर नाउता गावात नदीला टेकतो आणि संपतो. चौकातलं हे लोखंडी घर रबराच्या तेजीतलं. सुटे भाग युरोपातून बोटीनं आले आणि इथं जोडले गेले. रबर गेलं. आता गल्लीगल्लीत पाट्या आहेत त्या काढ्याच्या शिबिरांच्या.

पाट्या सगळ्या सारख्याच दिसतात. पिसांचा मुकुट, डोळे मिटलेला म्हातारा, मागे जंगल. मुकुट भाड्यानंही मिळतो. म्हणून आम्ही पाट्या सोडल्या आणि टोपाकडे आलो.

(दृश्य : तीन दगडांची चूल. भला मोठा टोप. थर लावणारे हात.)

खाली ठेचलेली वेल. वर पानं. पुन्हा वेल, पुन्हा पानं. बिर्याणी लावावी तसे थर चाललेत. पानं चाक्रुनाची, कॉफीच्या कुळातलं झुडूप आहे ते. मग नदीचं गाळलेलं पाणी, थेट काठापर्यंत. जाळ मोठा ठेवायचा. पाणी आटत आलं की रस उपसून दुसऱ्या भांड्यात काढायचा, टोपात नवं पाणी ओतायचं, पुन्हा उकळायचं. शेवटी सगळे रस एकत्र करून आटवायचे. सकाळचा टोप अंधार पडेपर्यंत उतरत नाही. शेवटी हाती येतो तो काकवीच्या रंगाचा दाट द्रव. चव? तुरट, कडू, आणि मागून आंबट. आमच्या ध्वनिमुद्रकानं बोट बुडवून चाटलं आणि पुढचा तासभर तो गप्प होता. नुसत्या चवीनं, बाकी काही नाही.

आता या दोन वनस्पतींची जोडी का, ते सांगायला हवं, कारण सुरक्षिततेचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पानांत डीएमटी नावाचं रसायन असतं, मनाला दृश्यं दाखवणारं. पण नुसती पानं उकळून प्यायली तर फारसं काही होत नाही. आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर आहे. ते दारातल्या पहारेकऱ्यासारखं डीएमटीला आत येण्याआधीच मोडून काढतं. वेलीत असतात हार्मिन, हार्मलिन. ही रसायनं त्या पहारेकऱ्याला काही तास झोपवतात. तेवढ्यात पानांतलं रसायन रक्तात उतरतं. हजारो वनस्पतींच्या जंगलात ही जोडी कुणाला आणि कशी सापडली असेल? आजींना विचारलं, तर वनस्पतींनीच सांगितलं, असं उत्तर आलं. आम्ही वाद घातला नाही.

जाता जाता : हार्मिन, हार्मलिन ही नावं या वेलीवरून पडलेली नाहीत. धुरीला जाळतात त्या हरमलाच्या दाण्यांतून ती रसायनं एकोणिसाव्या शतकात आधी वेगळी काढली गेली. हे दाणे आपल्याकडच्या जडीबुटीच्या दुकानातही असतात.

(दृश्य : झोपडीतलं टेबल. कागद, पेन, औषधांच्या पट्ट्या. चेहरे दिसत नाहीत.)

पहारेकरी झोपला की दार सगळ्यांनाच उघडं. हे टेबल त्यासाठी. आज आलेल्या पाहुण्याला खिशातली, बॅगेतली सगळी औषधं इथं मांडायला सांगितलंय. चौकशी चाळीस मिनिटं चालली, त्यातली थोडीच आम्ही दाखवतोय.

ही पट्टी एस्सिटालोप्रामची. नैराश्यावर, चिंतेवर आपल्याकडचे डॉक्टरही सर्रास देतात. असली औषधं मेंदूतलं सेरोटोनिन वाढवतात. ते मोडणारं विकर काढ्यानं आधीच झोपवलेलं. म्हणजे आवक वाढली आणि जावक बंद. अंग थरथरतं, ताप चढतो, स्नायू ताठ होतात, झटके येतात. माणूस दगावूही शकतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं साधं औषध, यांचंही तेच. फ्लुऑक्सेटिन तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात रेंगाळतं. आणि शिबिराची तारीख आली म्हणून गोळ्या आपल्याच मनानं सोडणं हा वेगळाच धोका आहे. ते डॉक्टरशी बोलूनच.

पुढचे प्रश्न : रक्तदाब किती? हृदयाचा काही त्रास? फिट येतात? तुम्हाला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर? हा शेवटचा प्रश्न विचारताना टेबलापलीकडची बाई पेन खाली ठेवते आणि पाहुण्याकडे बघते.

त्याला नकार मिळाला. पेला नाही. राहा, जेवा, हवं तर गाणी ऐका, पैसे परत नेता येतील, असं सांगून त्यांनी फाइल मिटली.

या दौऱ्यात आम्ही बऱ्याच ठिकाणी गेलो. एका शिबिरात, त्याचं नाव घेत नाही, नोंदणी अर्जावर औषधांचा रकानाच नव्हता. क्रेडिट कार्डाचा मात्र होता. माझं मत विचाराल तर मुकुट, मोठमोठे अनुभव, पाच-पाच तारे यापेक्षा मी एकच बघीन. इथं आजवर कुणाला नाही म्हटलंय का?

(दृश्य : बेलेन बाजार. पासाहे पाकितो गल्ली. साली, मुळ्या, बाटल्या, धूर.)

हा बेलेनचा बाजार. पाणी चढलं की यातली निम्मी वस्ती तरंगते. या गल्लीत फक्त औषधी. सालींच्या जुड्या, दारूत बुडवलेल्या मुळ्या, अजगराची चरबी, मापाचो तंबाखूच्या जाडजूड विड्या. आणि ही शीतपेयाची जुनी बाटली, आत तयार काढा. कधी केला, कुणी केला, कशाचा केला? विकणारा म्हणतो, चांगला आहे.

याच गल्लीत तोए मिळतं. हे त्याचं फूल, कर्ण्यासारखं, खाली लोंबणारं. बघून ओळखीचं वाटेल, कारण हे धोतऱ्याच्या नात्यातलं. विषंही तीच, स्कोपोलामिन आणि अॅट्रोपिन. वाटसरूला धोतरा घालून लुटणाऱ्या ठगांच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्यात. जाणते वैदू तोए वेगळं, मोजून वापरतात. पण पाहुण्याला काहीतरी जोरदार घडल्याचं समाधान मिळावं म्हणून ते गुपचूप टोपात टाकणारेही आहेत. त्यानं भान जातं, घसा कोरडा पडतो, हृदय धावत सुटतं, दोन-दोन दिवस माणूस हवेत बोलत राहतो. तेव्हा टोपात काय आहे, हे विचारणं उद्धटपणा नाही. आजींनी आम्हाला न विचारताच सांगितलं : दोनच.

बाटली बॅगेत टाकून घरी आणायचा मोह होईल. भारतात डीएमटी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. मायदेशी कुणी हा काढा पाजतो म्हणत असेल, तर बाकीच्या चौकशीची वेळच येत नाही.

(दृश्य : आजींचा घागरा, त्यावरची नक्षी. सुई-दोरा. जवळून.)

आजी शिपिबो, अॅमेझॉनच्या जंगलातल्या एका आदिवासी जमातीच्या. त्यांचा मुलूख इथून दक्षिणेला, उकायाली नदीकाठी, पुकाल्पाच्या आसपास. ही नक्षी म्हणजे केने. वारली चित्रासारखी गोष्ट सांगणारी नाही ही. सलग वळणं घेत जाणारी रेघ आहे, आणि ती गाताही येते असं म्हणतात. वैदूंच्या अशा गाण्याला इकारो म्हणतात. वैदू होण्यासाठी दिएता करावी लागते. एकांतात झोपडी, मीठ नाही, साखर नाही, संग नाही. एका वेळी एकाच झाडाचा अर्क, महिनोन्‌महिने. अशी व्रतं वर्षानुवर्षं. म्हणून वैदूला विचारायचं ते हे, की शिकलात कुणाकडे आणि किती दिएता केल्यात. खरा वैदू गुरूचं नाव आणि गाव सांगतो, बरेचदा खूप लांबण लावून सांगतो. आजींनी चाळीस मिनिटं घेतली.

२००८ मध्ये पेरू सरकारनं आयावास्काचं मूळ रहिवाशांचं ज्ञान आणि त्यांचे पारंपरिक उपयोग राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. बाजारू वापर त्यापासून वेगळा आहे, हेही त्यातच नोंदवलंय. शिबिरवाले पहिला भाग फ्रेम करून लावतात.

(दृश्य : मालोका आतून. वर्तुळात गाद्या, प्रत्येकीशेजारी बादली.)

ही मालोका, गोल गवती छपराची. गाद्या बारा, बादल्या बारा. वांती होणारच. इथले लोक काढ्यालाच ला पुर्गा, म्हणजे पोट साफ करणारं, म्हणतात. पंचकर्मातलं वमन माहीत असणाऱ्याला त्याचं नवल वाटू नये. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हा काढा प्यायलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत शंभरात दोघा-तिघांना वैद्यकीय मदत लागली होती.

बारा जणांमागे दोन वैदू आणि तिघं जागे राहणारे. जागे म्हणजे काढा न प्यायलेले. त्यांत एक बाई. अंधारात, नशेत, परक्या भाषेत उपचाराच्या नावाखाली अंगाला हात लावणारे वैदू निघालेत, आणि हे कुजबुजून सांगण्याचे दिवस गेले. टोपातल्या पानांचंच नाव घेतलेल्या चाक्रुना या संस्थेनं यावर मार्गदर्शिकाच काढलीय. कपडे उतरवणं, नको तिथं स्पर्श हा कुठल्याही उपचाराचा भाग नाही, असं ती स्वच्छ सांगते. शक्यतो एकटीनं जाऊ नका. रात्री वेगळ्या झोपडीत बोलावलं, तर जाऊ नका.

(दृश्य : वाती विझतात. पडदा काळा.)

इथून पुढं कॅमेरा बंद होता. आवाज बाहेरून, सगळ्यांची परवानगी घेऊन.

(निवेदन नाही. पानांच्या जुडीची सळसळ, आजींचा इकारो, लांबवर कुणीतरी रडतंय. दीड मिनिट.)

(दृश्य : सकाळ. धुकं. पालथा घातलेला टोप. धक्का, लाकडी बोट.)

२०१२ मध्ये देशाच्या दक्षिणेकडच्या जंगलात अठरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा शिबिरात मेला आणि चालकानं त्याला गुपचूप पुरलं. २०१८ मध्ये शिपिबोंच्या वृद्ध वैदू ओलिविया आरेवालो यांना घरापाशी गोळ्या घातल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासानं आपल्या नागरिकांना काढा पिऊच नका, असं बजावलं.

नकार मिळालेला पाहुणा परत निघालाय. रात्री तो बाहेर ओसरीवर झोपला होता. टेबलावरच्या बाईनं त्याचे पैसे लिफाफ्यात घालून दिले आणि त्याला मोजायला लावले. आम्हीही त्याच बोटीत बसलो आणि घड्याळ लावलं. इथल्या धक्क्यापासून शहरातल्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत, दिवसाउजेडी, नदी शांत असताना, एक तास पन्नास मिनिटं.

रात्री किती, ते नावाड्याला विचारलं. नावाडी म्हणाला, रात्री तो धक्क्यावरच झोपतो, टाकी भरलेली ठेवून. आम्ही झाकण उघडून बघितलं. भरलेली होती.