अमारॉक: एक तास, एकच ट्रॅक आणि मालकाला शिवी

1990 चा मे महिना. इंग्लिश संगीतकार माइक ओल्डफिल्डचा नवा अल्बम दुकानात येतो, नाव अमारॉक, आणि मागं उलटून बघावं तर गाण्यांची यादीच नाही, अख्खा तासाभराचा एकच ट्रॅक. आता रेडिओवाल्यांनी यातलं वाजवायचं काय? काहीच नाही, आणि तोच तर डाव होता.

जरा मागं जाऊ. 1973 मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सनं काढलेला पहिलावहिला अल्बम याच माइकचा, ट्युब्युलर बेल्स, तेव्हा पोरगा जेमतेम वीस वर्षांचा. तुफान खपला, त्यातला तुकडा द एक्झॉर्सिस्ट सिनेमात गेला आणि रिचर्ड ब्रॅन्सनच्या या कंपनीचं बस्तान बसलं. पुढं मात्र दोघांचं बिनसलं. कंपनीला हवा होता ट्युब्युलर बेल्सचा दुसरा भाग, याला द्यायचा नव्हता, आणि करारातनं सुटकाही नव्हती.

मग यानं काय केलं, तर जुना साथीदार टॉम न्यूमनला हाताशी धरलं आणि घरच्याच स्टुडिओत असा अल्बम केला की ज्यातनं सिंगल, म्हणजे रेडिओवर वाजवायला एखादं सुटं गाणं, कापून काढताच येऊ नये. कॉम्प्युटर बाजूला, सगळं हातानं वाजवलेलं, गिटारी तर ढिगानं, शिवाय चमचे, बूट, खेळण्यातली विमानं बनवणाऱ्याच्या पेटीतली हत्यारंसुद्धा! एखादी धून छान जमून येते, आपली मान डोलायला लागते, की मध्येच धाडकन कानठळ्या. (हेडफोन लावणार असाल तर आवाज आधीच कमी करा, सांगून ठेवतोय.) कव्हरवर तर चक्क इशारा छापलाय की ज्यांना संगीतातलं काही कळत नाही अशा मूर्खांच्या तब्येतीला हा रेकॉर्ड घातक आहे, त्यांनी ताबडतोब डॉक्टर गाठावा.

आता 48 व्या मिनिटाच्या आसपास कान द्या. हे तुटक तुटक सूर म्हणजे मॉर्स कोड आहे, तारायंत्राची ती टिंब-रेघांची लिपी. उलगडला तर निघते एक अस्सल इंग्रजी शिवी आणि पुढं दोन अक्षरं, आर आणि बी. रिचर्ड ब्रॅन्सन! म्हणजे कंपनीच्याच अल्बममध्ये कंपनीच्याच मालकाला.

रागातनं केलेलं काम बहुतेक वेळा कडवट होतं, हा मात्र मस्तीखोर झालाय. शेवटाकडे तर मार्गारेट थॅचरबाई बोलायला लागतात, म्हणजे खऱ्या नव्हे, नक्कल करणारी जॅनेट ब्राउन, आणि खऱ्या बाई तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधानपदावर बसलेल्या!

ट्युब्युलर बेल्सचा दुसरा भाग 1992 मध्ये आला आणि इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेला. फक्त तो काढला वॉर्नर या दुसऱ्याच कंपनीनं.