वारा फिरला की

[दृश्य : टेक्सासचा उत्तर पट्टा. कमरेएवढं वाळलेलं गवत, तारेचं कुंपण, क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता.]

अमरिलो, टेक्सास. २६ फेब्रुवारी २०२४.

फेब्रुवारीच्या शेवटी इथे दुपारचं तापमान साधारण बारा-तेरा अंश सेल्सिअस असतं. त्या दिवशी पारा अठ्ठावीसच्या आसपास गेला. आणि तीनच दिवसांनी, २९ तारखेला, याच भागात बर्फ पडला.

या मधल्या दिवसांत जे जळालं, ते शेवटी साडेदहा लाख एकरांवर गेलं. चौरस किलोमीटरमध्ये सांगायचं तर सुमारे ४,२८०. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे. ‘स्मोकहाउस क्रीक’ या नावाने ओळखली जाणारी ही आग टेक्सासच्या नोंदीतली सर्वांत मोठी आग ठरली.

[दृश्य : नकाशा. रॉकी पर्वत, त्याच्या पूर्वेला मैदानं, खाली मेक्सिकोचं आखात.]

अमेरिकेच्या मधोमध, रॉकी पर्वताच्या पूर्वेला, उत्तर-दक्षिण पसरलेली ही गवताची मैदानं. वसंतात इथे तीन तऱ्हेच्या हवा एकमेकींना भिडतात. दक्षिणेकडून आखाताची दमट हवा. पश्चिमेच्या पठारांवरून उतरणारी कोरडी हवा. उतरताना ती आणखी तापते. आणि उत्तरेकडून, कॅनडाच्या बाजूने येणारी गार हवा. डोंगर आडवा येत नाही, म्हणून कुठलीच हवा अडत नाही. सकाळी शर्टावर फिरणारा माणूस संध्याकाळी जाकीट शोधतो, यात इथल्या कुणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडेही वणवे याच दिवसांत लागतात, शिमग्याच्या आगेमागे. पण सह्याद्रीतला वणवा उतार धरून वर चढतो. इथे आगीला पळवतो तो वारा.

आणि जळायला गवत. इथे एक उलटी गोष्ट आहे. आगीचं वर्ष म्हणजे दुष्काळाचं वर्ष, असं आपण धरून चालतो. मैदानात धोका वाढतो तो चांगल्या पावसानंतर. २०२३ च्या मे-जूनमध्ये अमरिलोच्या भागात एवढा पाऊस झाला की पूर आले. गवत भरघोस वाढलं. हिवाळ्याच्या थंडीने ते उभंच्या उभं वाळलं. नवी हिरवळ फुटायला एप्रिल उजाडतो. तोवर शेकडो मैल नुसतं वाळकं गवत. लाकडाचा ओंडका वाळायला महिने लागतात. गवताची काडी मात्र हवा कोरडी झाली की तासाभरात पेटण्याजोगी होते. सकाळी दव पडलेलं कुरण दुपारी आगीच्या तोंडी.

ठिणगी कशाचीही पुरते. स्मोकहाउस क्रीकच्या वेळी स्टिनेट गावाजवळ विजेचा एक लाकडी खांब वाऱ्यात मोडला. तो आतून कुजलेला होता, असं विधानसभेच्या चौकशी समितीने पुढे अहवालात लिहिलं.

[दृश्य : वरून घेतलेलं चित्र. काळा लांबट पट्टा, एका टोकाला ज्वाळा.]

आता या आगीचा आकार नीट बघा, कारण सगळा घात तिथेच आहे.

वारा पश्चिमेकडून येतो तेव्हा आग पूर्वेकडे पळते. तिचं तोंड अरुंद, अंग लांब. तोंडासमोर उभं राहण्यात अर्थ नसतो. म्हणून इथले अग्निशामक जळून गेलेल्या काळ्या जमिनीवरून आत शिरतात आणि आगीच्या बगलेने पुढे सरकत पाणी मारतात. बगलेच्या ज्वाळा बुटक्या असतात. पाठीमागे जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून पळायची वाट मोकळी राहते. हे बहुतेक जण स्वयंसेवक. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी रँचवरचा, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावरचा, गडी. पिकअपवर बसवलेली पाण्याची टाकी आणि पंप, एवढ्यावर काम चालतं. शेजारचे शेतकरी ट्रॅक्टरला नांगर लावून माती उलथत जातात. आपला वनविभाग जाळरेषा काढतो, तोच हेतू.

मग उत्तरेची गार हवा येते. तापमान धाडकन उतरतं. एरवी उन्हाने वैतागलेल्या माणसाला बरं वाटावं अशी ही झुळूक. पण वारा आता उत्तरेकडून आहे. आणि ती लांबलचक दक्षिण बगल, जिच्याकडे मघाशी निर्धास्तपणे पाठ करता येत होती, ती सगळीच्या सगळी आगीचं तोंड होते.

२७ फेब्रुवारीला तेच झालं. दिवसभर पूर्वेकडे, ओक्लाहोमाच्या दिशेने धावत गेलेली आग वारा फिरताच दक्षिणेकडे उलटली. कॅनेडियन नावाचं छोटं गाव तिच्या तडाख्यात सापडलं. गावाच्या कडेची घरं गेली. २८ च्या दुपारपर्यंत साडेआठ लाख एकर जळाले होते. एवढ्या वाऱ्यात पाणी टाकणारी विमानं उडवणंही अवघड. या आगीत दोघींचा जीव गेला.

हवामान खात्याने आधी इशारा दिला नव्हता का? दिला होता. मोकळ्या मैदानावर वारा कधी फिरणार, हे आता बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. पण या कुरणांवर चरणारी एवढी गुरं काही तासांत हलवायची कुठे?

[दृश्य : जळालेलं कुरण. खांब नाहीत, तारा जमिनीवर पडलेल्या.]

फेब्रुवारी-मार्च हे इथे गाई विण्याचे दिवस. टेक्सासच्या कृषी खात्याच्या अंदाजाने या आगींत सात हजारांहून जास्त गुरं दगावली. आगीतून वाचलेल्या गाईंचं दुःख वेगळं. खूर भाजलेली गाय चार दिवसांनी उभी राहू शकत नाही. सड भाजलेली गाय वासराला जवळ येऊ देत नाही. अशा गाईंना मालकच बंदूक घेऊन फिरत गोळ्या घालतात. २०१७ च्या मार्चमध्ये टेक्सासच्याच ग्रे काउंटीत गुरं वाचवायला गेलेली तीन तरुण माणसं आगीत सापडून गेली होती. त्याच आठवड्यात कॅन्ससमधलं ॲशलँड परिसरातलं रान जळालं आणि दूरदूरच्या राज्यांतून वैरणीचे ट्रक रांगेने आले.

[दृश्य : कॅन्सस, फ्लिंट हिल्स. संध्याकाळ. टेकडीवर आगीची बारीक रेघ.]

ही आग मात्र मुद्दाम लावलेली आहे.

मूळ रहिवाशांच्या काळापासून हे गवत जाळलं जातं. फ्लिंट हिल्सचे रँचवाले आजही एप्रिलमध्ये कुरणं पेटवतात. काहींकडचं साधन अगदी साधं : पेट्रोल भरलेला लोखंडी पाइप, गाडीमागे ओढत न्यायचा. जळालेल्या जागी कोवळं गवत फुटतं आणि त्यावर गुरांचं वजन भराभर वाढतं. शिवाय झुडपं माजत नाहीत. जिथे जाळणं थांबलं, तिथे रेड सीडर नावाचं तेलकट झाड कुरणात घुसलं. ते पेटलं की निखारे उडवतं आणि नांगरलेला पट्टा ओलांडून पलीकडे दुसरी आग लावतं. दिसेल ती आग विझवत राहिलो, तेच मैदानाला महागात पडलं, असं माझं मत आहे. इथले कितीतरी शेतकरीही आता तेच म्हणतात. नेब्रास्कात शेजारी-शेजारी मिळून, एकमेकांच्या रानात राबून, ते सीडर जाळतात.

पण जाळायलाही दिवस हवा. वारा हवा, पण बेताचा. हवा फार कोरडी नको. आणि मुख्य म्हणजे रात्री वारा फिरणार नाही, याची खात्री हवी. वसंतात असे दिवस मोजकेच मिळतात. ते आले की सगळे एकदम काडी ओढतात आणि धूर कॅन्सस सिटी, लिंकन, ओमाहापर्यंत जातो. दम्याच्या रोग्यांचे हाल होतात. शहरं तक्रार करतात, आणि तक्रार खोटी नाही. म्हणून २०१० मध्ये कॅन्ससने धुराचं नियोजन आखलं. आज जाळलं तर धूर कोणत्या शहरावर जाईल, हे रँचवाल्याला आधी बघता येतं. बघून थांबायचं की नाही, हे बहुतेक वेळा त्याच्यावरच सोडलेलं आहे. उद्या वारा कसा असेल, हे त्यालाही माहीत असतं, आणि आजचा दिवस हातचा सोडायला तो सहसा तयार नसतो.