आधी पत्र, मग खरेदी

नमस्कार श्रोतेहो. पवनचक्की हा शब्द तसा फसवाच. चक्की म्हटलं की दळण आलं, इथे तर एक दाणाही दळला जात नाही, निघते ती वीज. पण पवनऊर्जा जनित्र म्हणत बसलो तर ऐकणारा रेडिओ बंद करेल. तेव्हा चक्कीच म्हणू या.

तर आज बोलायचंय ते चक्क्यांच्या शेजारच्या मंडळांनी छोटं अनुदान कसं मागावं, यावर. या मंडळांना जो निधी मिळतो, तो येतो कुठून? स्कॉटलंडमध्ये सरकारची शिफारस अशी, की उभारलेल्या दर मेगावॉटमागे प्रकल्पाने वर्षाला ५,००० पौंड द्यावेत, महागाईप्रमाणे वाढवत. २० मेगावॉटचा प्रकल्प असेल तर वर्षाला १ लाख पौंड. आयर्लंडमध्ये सरकारी लिलावातून विजेचा भाव मिळालेल्या प्रकल्पांना सक्तीच आहे: दर मेगावॉट-तासाला २ युरो. मेगावॉट-तास म्हणजे बिलावरची १,००० युनिटं. फरक ध्यानात आला? एकीकडे हिशेब उभ्या यंत्राचा, दुसरीकडे प्रत्यक्ष निघालेल्या विजेचा. वारा पडला की तिथला निधीही आटतो.

आता गीआ बेटाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं हे बेट. २००२ मध्ये वस्ती शंभराच्या आत-बाहेर. त्याच वर्षी १५ मार्चला रहिवाशांनी अख्खं बेट विकत घेतलं. लॉटरीच्या पैशातून मदत मिळाली, पण त्यातले १० लाख पौंड दोन वर्षांत परत करायचे होते. २००४ च्या मार्चमध्ये त्यांनी ते फेडले! घरांची मात्र दैना. बहुतेक घरं राहण्याच्या किमान दर्जाच्याही खाली. मग त्यांनी चक्क्या आणल्या. कोऱ्या नाहीत हं, वापरलेल्या. इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या हॅव्हरिगमधून उतरवलेल्या तीन, प्रत्येकी २२५ किलोवॉट, मिळून ६७५. पैसा तीन वाटांनी उभा केला: थोडं अनुदान, थोडं कर्ज, थोडं भागभांडवल. २००४ च्या अखेरीस त्या फिरू लागल्या. नावं गॅलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, अर्थ श्रद्धा, आशा आणि दया. लोक मात्र त्यांना 'नाचऱ्या बाया' म्हणतात. फलकावर देणगीदारांची यादी कोरण्यापेक्षा हे बरं नाही का? त्या याद्या कुणी वाचत नाही, मी तर कधीच नाही.

पण मला भावते ती पुढची गोष्ट. विजेच्या कमाईतून घरं दुरुस्त होऊ लागली, आणि त्याच कमाईतला एक वाटा त्यांनी बाजूला ठेवला: जुन्या चक्क्या थकतील, तेव्हा बदलायला. २०१३ मध्ये चौथी चक्कीही उभी राहिली.

छोट्या अनुदानाच्या अर्जातही नेमकं हेच राहून जातं. वस्तू मागितली जाते, तिची देखभाल कोण करणार ते लिहिलेलं नसतं. समजा, सभागृहाच्या ४० ट्यूब बदलायच्यात, ३६ वॉटच्या जागी १८ वॉटच्या एलईडी. नुसतं 'वीज वाचेल' लिहू नका. दर ट्यूबमागे १८ वॉट वाचले, ४० गुणिले १८ म्हणजे ७२० वॉट. रोज चार तास दिवे लागत असतील तर दिवसाला जवळजवळ तीन युनिटं वाचली. आणि पुढे लिहा, की वाचलेल्या बिलातून बिघडलेल्या ट्यूब बदलू. परीक्षक हीच ओळ शोधत असतो.

वेळ कमी उरलाय, म्हणून भराभर. खातं मंडळाच्या नावाचं हवं, नियमावलीत आहे अगदी त्याच नावाचं. एक 'श्री' जास्त झाला तरी अर्ज परत येऊ शकतो. सह्या दोघांच्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत. मंडळ बंद पडलं तर शिल्लक कुठे जाणार, याचं कलम नियमावलीत असू द्या. दरपत्रकं दोन-तीन घ्या, आणि त्यांची मुदत बघा: निर्णयाला महिने लागतात, तोवर भाव चढतो आणि फरक तुमच्या अंगावर येतो. जागा दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी जोडा. श्रमदान धरणार असाल तर माणसं किती, तास किती, ते मांडा.

आणि सगळ्यात जास्त मंडळं बुडतात ती घाईने. आधी मंजुरीचं पत्र, मग खरेदी. पुन्हा सांगतो, आधी पत्र, मग खरेदी. पत्राच्या तारखेआधीची पावती बहुतेक निधी धरतच नाहीत, वस्तू कितीही गरजेची असो. काम सुरू करण्याआधी एक फोटो काढा, जुन्या ट्यूब छताला असतानाच. अहवालासोबत तो मागतात, आणि तोवर त्या भंगारात गेलेल्या असतात.