चालायचं, पण कुठून?

अँजिओप्लास्टी होऊन घरी निघालेल्या माणसाला आम्ही डॉक्टर मंडळी न चुकता सांगतो, रोज चाळीस मिनिटं चाला. कुठून चाला, हे सांगत नाही. मीही कित्येक वर्षं सांगितलं नाही. आज तेवढंच सांगायला उभा आहे.

स्कॉटलंड आणि स्वीडनच्या संशोधकांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अटॅक येऊन गेलेले, पण आता स्थिरावलेले 20 पुरुष. त्यांना तासभर, मध्ये मध्ये व्यायाम करत, एकदा गाळलेल्या हवेत ठेवलं आणि एकदा डिझेलच्या विरळ धुरात. घनमीटरला 300 मायक्रोग्रॅम कण. आकडा मोठा वाटतो ना? दिल्लीने हिवाळ्यात तो कितीदा तरी ओलांडलाय. व्यायामाने ईसीजीतली एसटी नावाची रेघ सगळ्यांचीच खाली गेली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं, स्वच्छ हवेतसुद्धा. पण धुरात हृदयाच्या स्नायूला पडलेली रक्ताची टंचाई जवळजवळ तिप्पट भरली.

मला त्याहून धास्ती वाटली ती दुसऱ्या निष्कर्षाची. गुठळी विरघळवणारं टीपीए नावाचं द्रव्य आपल्या रक्तवाहिन्या स्वतःच तयार करतात. अटॅकमध्ये आम्ही जे महागडं इंजेक्शन देतो, ते त्याच कुळातलं. धुरानंतर काही तासांनी पाहिलं, तर ते सुमारे 35 टक्के कमी सुटत होतं. म्हणजे टंचाई वाढली आणि घरचा प्लंबरही रजेवर!

हे झालं तासाभराचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये दीड लाखाहून अधिक हृदयरुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, दर 10 मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्यूचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी जास्त दिसला. आता वर्षाच्या सरासरीची मर्यादा बघा: जागतिक आरोग्य संघटनेची 5, आपली 40. गणित तुम्हीच करा.

मग घरात बसायचं? मुळीच नाही. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांना दोन तास हाइड पार्कात आणि दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं. बागेत चालल्याचा फायदा बसगाड्यांच्या रस्त्यावर बराचसा विरून गेला. हृदयरुग्णांपैकी जे औषधं घेत होते, त्यांना धुराचा त्रास कमी झालेला दिसला. तेव्हा गोळ्या चुकवू नका.

आणि थंडीत पहाटे साडेपाचला कानटोपी घालून निघायची ती जिद्द जरा आवरा. गार हवा जमिनीलगत दबून राहते, वर झाकण पडल्यासारखं होतं, त्यात कोपऱ्यावर वॉचमनने पेटवलेला पालापाचोळा. ऊन चढू द्या. रस्त्याची गर्दी टाळून आतल्या गल्लीने जा. नाइलाजाने मोठ्या रस्त्याने जावं लागलं तर एन-95 लावा, नाकाला घट्ट. रुमालाने धूळ अडेल, हे कण नाही अडणार.

परवा एकांनी विचारलं, ‘‘डॉक्टर, मग तळजाईच्या टेकडीवर जाऊ ना?’’ म्हटलं, जरूर जा. पण स्कूटरवरून, प्रत्येक सिग्नलला पीएमपीच्या बसमागे उभं राहत जाणार असाल, तर सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारा.