हार्टची तपासणी पॉलिसीत बसलीच पाहिजे

(मिरज, दवाखान्यांच्या पाट्या, मेडिकलसमोरची गर्दी)

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांनी 1894 ला इथं हॉस्पिटल काढलं, आणि आज तर अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, बायपास सगळं इथंच होतं, कर्नाटकातनंपण पेशंट येतात. बिलाचं काय विचारलं तर कुणी म्हणतं कॅशलेस झालं, कुणी म्हणतं महात्मा फुले योजनेत बसवलं. चांगलंच आहे ते.

पण अटॅक यायच्या आधी तपासून घ्यायचं म्हटलं तर? पैसे खिशातनंच. नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झालात तर क्लेम मिळणार नाही असं पॉलिसीत लिहिलेलंच असतं, आणि ॲडमिट न होता केलेली टेस्ट बहुतेक पॉलिसीत धरतच नाहीत. काही कंपन्या फ्री चेकअप देतात, त्यात ईसीजी काढतात, पण नळीत ब्लॉकेज असूनही साधा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, हे कुणी सांगत नाही.

(सांगली मार्केट यार्ड, हळदीची पोती)

पोती उचलणारा हमाल असो नायतर गादीवरचा अडत्या, छातीत जळजळलं की आधी ॲसिडिटीची गोळी.

अमेरिकेत टेक्सास राज्यानं 2009 लाच कायदा केला. पुरुष 45 च्या पुढचे, बायका 55 च्या पुढच्या, दोघंही 76 च्या आतले, आणि शुगर आहे किंवा हार्टचा धोका मध्यम ते जास्त आहे, अशांच्या तपासणीला इन्शुरन्सनं दर पाच वर्षांतनं एकदा 200 डॉलरपर्यंत द्यायचेच. तपासणी म्हणजे काय तर मानेच्या नसांची सोनोग्राफी नायतर कॅल्शियम स्कॅन, म्हणजे साधा सीटी, सुई नाही, काही मिनिटांत हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम किती साठलंय त्याचा आकडा येतो. आकडा शून्य आला म्हणून धोका पूर्ण टळला असं नाही, आणि विशीतल्या पोरानं उगाच करायचं हे स्कॅन नव्हे, म्हणून तर वयाची अट. आपल्याकडं हार्टचा त्रास लवकर गाठतो, तेव्हा ती अट जरा खालीच आणावी लागेल.

इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत चेकअपच्या 5,000 रुपयांपर्यंतच्या खर्चावर सवलत मिळते, पण जो टॅक्सच भरत नाही त्याला तिचा काय उपयोग? इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयनं ही तपासणी प्रत्येक पॉलिसीत सक्तीची करावी, आणि सरकारनं फुले योजनेतही घालावी, कारण हमालाकडं कुठली आली पॉलिसी, त्याला तीच योजना आहे.