बोका चिकाचा किनारा आणि स्टारशिपचे पहिले उड्डाण

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, बोका चिकाच्या वाळूत उभे असलेले हे इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीचे स्टारशिप रॉकेट. उंची सुमारे १२० मीटर, खालच्या टप्प्याला ३३ इंजिने. १७ एप्रिल २०२३ रोजी एक झडप गोठल्यामुळे उड्डाण पुढे ढकलावे लागले. तरीही २० एप्रिलच्या सकाळी पलीकडच्या साउथ पाद्रे बेटावर दुर्बिणी आणि लहान मुले घेऊन माणसे पुन्हा जमली.

आता तळाकडे पाहावे. एवढ्या मोठ्या रॉकेटखाली ज्वाळांचा झोत बाजूला वळवणारा चर लागतो, धक्का शोषून घेणारे पाण्याचे प्रचंड फवारे लागतात. इथे दोन्ही नव्हते. होती ती काँक्रीटची जमीन. असा चर न बांधणे चूक ठरू शकते, असे मस्क यांनी २०२० मध्ये स्वतःच लिहिले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये रॉकेट जखडून ३१ इंजिने जवळपास निम्म्या जोराने चालवली, तेव्हा काँक्रीट टिकले, म्हणून ते एक उड्डाण तरी सोसेल असे गृहीत धरले गेले. पाण्याने थंड राहणारी पोलादी पाटी तयार होत होती. तिच्यासाठी थांबायला हवे होते.

२० एप्रिलला रॉकेट उडताना हे काँक्रीट फुटले. त्याचे तुकडे समुद्रात पडून पाणी उसळताना चित्रफितीत दिसते आणि चित्रीकरणासाठी ठेवलेल्या एका रिकाम्या गाडीवर एक मोठा तुकडा मागून येऊन आदळतो. वर काही इंजिने बंद पडली, रॉकेट गिरक्या घेऊ लागले आणि उड्डाणानंतर सुमारे चार मिनिटांनी त्याचा स्फोट झाला. बेटावर तोवर टाळ्या चालूच होत्या. पोर्ट इझाबेल गावात मात्र उडालेली धूळ घरांवर आणि गाड्यांवर बसली.

केम्प्स रिडले कासवे आणि पायपिंग प्लोव्हर पक्षी याच किनाऱ्याच्या आसऱ्याने राहतात. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ६३ सुधारणा सांगितल्या आणि नोव्हेंबरमधले दुसरे उड्डाण पोलादी पाटीवरून झाले, तेव्हा तळ शाबूत राहिला.

मे २०२५ मध्ये वर्षाला ५ उड्डाणांची मर्यादा २५ वर नेण्यात आली. उड्डाणाच्या वेळी किनाऱ्याकडे येणारा एकमेव रस्ता, महामार्ग क्रमांक ४, बंद केला जातो आणि मासेमारीसाठी, पोहण्यासाठी इथे येणाऱ्या जवळच्या ब्राउन्सव्हिल शहरातल्या कुटुंबांना तेवढा वेळ आपल्याच किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही.